आईचं रक्त तपासायचं, पण तिला काय सांगायचं?

सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ४१. मोठ्या भावाला ४६व्या वर्षी यकृताचा कर्करोग निघाला. भाऊ माळकरी, दारूला कधी शिवलेला नाही, तरी गावात ‘चोरून घेत असणार’ अशी कुजबुज आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी मूळ कारण ‘हिपॅटायटिस बी’ हा यकृतात राहणारा विषाणू असल्याचं सांगून आई, भावंडं, वहिनी, मुलं अशा सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. ताईंनी गुपचूप स्वतःचं तपासून घेतलं. ते पॉझिटिव्ह आलं. जवळच्या डॉक्टरांनी ‘तुम्ही नुसत्या वाहक आहात, लिव्हरचे आकडे नॉर्मल आहेत, काही करायची गरज नाही’ असं सांगून पाठवलं. धाकटी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे. या दिवसांत तिच्या जिवाला घोर नको म्हणून तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वहिनीच्या तोंडून निघून गेलं, ‘हे आईकडूनच येतं म्हणे.’ आई ६९ वर्षांची. ताई विचारतात, ‘शुगरची तपासणी आहे असं सांगून आईचं रक्त घ्यावं का? तिला खरं कळलं तर आपल्यामुळं मुलगा गेला असं म्हणत ती उरलेलं आयुष्य काढेल. की तपासणी करूच नये? आणि माझं स्वतःचं नवऱ्याला कसं सांगू?’

ताई,

तुमच्या पत्रात आईबद्दल दोन पानं आहेत आणि बहिणीबद्दल दोन ओळी. मी उत्तराची सुरुवात त्या दोन ओळींपासून करते, कारण त्यांना मुदत आहे. बहिणीला आज फोन करा. हे वाचून झाल्यावर लगेच केलात तरी चालेल.

तिच्या जिवाला घोर नको, ही तुमची माया मला समजते. पण तिच्यापासून हे लपवलं तर नुकसान होईल ते बाळाचं. तिला एवढंच विचारा, ‘तुझ्या बाळंतपणाच्या फाइलमध्ये हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का बघ. कागदावर एचबीएसएजी असं लिहिलेलं असतं.’ बहुतेक ठिकाणी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तपासण्यांत ती करतातच. झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्यायला सांगा. निगेटिव्ह आली, तर तिला आधीपासून संरक्षण आहे का ते डॉक्टर बघतील, आणि नसेल तर गरोदरपणातही लस देता येते. पॉझिटिव्ह आली, तर रक्तात विषाणू किती आहे ते मोजायचं. तो आकडा दोन लाखांच्या वर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविर नावाची गोळी देतात. पाचवा महिना चालू आहे म्हणता, म्हणजे या सगळ्याला अजून पुरेसा वेळ आहे. नवव्या महिन्यात कळलं असतं तर तो राहिला नसता.

ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यावर दोन इंजेक्शनं लागतात. एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. दोन्ही शक्य तितक्या लवकर, बारा तासांच्या आत दिली तर उत्तम, आणि लस तर कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत. यातली लस सरकारी दवाखान्यात मिळते. दुसरं इंजेक्शन महाग असतं, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि प्रत्येक दवाखान्यात हाताशी असतंच असं नाही. म्हणून ते कुठून यायचं याची चौकशी बाळंतपणाच्या महिनाभर आधी झालेली हवी, रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर नव्हे. लसीचे पुढचे डोस वेळेवर झाले की साधारण वर्षाच्या आत बाळाचं रक्त तपासून खात्री करून घेतात. ही दोन्ही इंजेक्शनं दिली की अंगावर पाजायला हरकत नसते. हे बहिणीला आवर्जून सांगा, कारण घरातलं कुणीतरी तिला नेमकं उलटं सांगणार.

आता आईकडे येते.

वहिनी जे बोलल्या ते अर्धं खरं आहे. ते अर्धं खरं जगाला कसं कळलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. ती हकिगत ऐकल्यावर तुमच्या प्रश्नाचा रोख बदलेल असं मला वाटतं.

पामर बीझली हे अमेरिकन साथरोगतज्ज्ञ १९७२ साली तैवानला गेले आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच राहून काम करत राहिले. हा विषाणू तेव्हा नुकताच हाती लागला होता. बारूक ब्लम्बर्ग यांना त्या शोधासाठी १९७६ साली नोबेल मिळालं. तैवानात दर शंभरातल्या पंधरा-वीस माणसांच्या रक्तात तो होता आणि यकृताच्या कर्करोगानं माणसं ऐन चाळिशी-पन्नाशीत जात होती. दोन्हींचा संबंध असावा असा संशय अनेकांना होता. पण रुग्णाच्या रक्तात विषाणू सापडला म्हणून त्यानंच कर्करोग केला असं कसं म्हणणार? कर्करोगानं शरीर कमजोर झालं आणि मग विषाणू आत शिरला, असंही असू शकतं. आजारी माणसाकडून मागं मागं जात कारण शोधलं की ही अडचण येतेच. तुमच्या गावानं तेच केलं आहे. लिव्हरचा आजार दिसला, मागं वळून पाहिलं आणि दारूची बाटली कल्पनेनं उभी केली.

बीझलींनी उलट्या टोकानं सुरुवात केली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आणि लू-यू ह्वांग या तैवानी डॉक्टर सहकारी, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या, त्यांच्यासह इतरांनी मिळून २२,७०७ पुरुषांचं रक्त घेतलं. बरेचसे सरकारी नोकर, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेले, धडधाकट. सरकारी नोकरांचा विमा असल्यामुळे पुढे कोण कशानं गेलं याची नोंद चुकत नव्हती. त्यांतल्या ३,४५४ जणांच्या रक्तात विषाणू होता, १९,२५३ जणांच्या नव्हता. मग वाट पाहिली. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला, तोवर ४१ जणांना यकृताचा कर्करोग झाला होता. त्यांतले ४० विषाणूवाले होते आणि एक जण नसलेला. धोका २२३ पट. साथरोगशास्त्रात दुप्पट-तिप्पट धोका दिसला तरी लोक कान टवकारतात.

तुम्ही शिक्षिका आहात, तर हा आकडा दुसऱ्या बाजूनंही बघा. विषाणू असलेल्या ३,४५४ पुरुषांपैकी ३,४१४ जणांना त्या काळात कर्करोग झाला नव्हता. तो काही वर्षांचाच काळ होता आणि आयुष्यभराचा धोका याहून मोठा असतो, पुरुषांमध्ये तर अधिकच. तरी ‘पॉझिटिव्ह म्हणजे माझंही दादासारखंच होणार’ हे जे तुम्ही कंसात लिहून खोडलं आहे, ते या आकड्यातून निघत नाही.

हे झालं कर्करोगाचं. आईचा संबंध आला तो दुसऱ्या कामातून. बीझली आणि त्यांच्या सहकारी संशोधक क्लॅड स्टीव्हन्स यांनी तैवानातल्या वाहक मातांच्या बाळांचा मागोवा घेतला आणि १९७५ साली दाखवून दिलं की यातल्या बऱ्याच बाळांना पहिल्या काही महिन्यांतच विषाणू मिळतो. पुढे हेही स्पष्ट झालं की जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वद बाळांच्या शरीरात तो कायमचा राहतो. मोठ्या माणसाला झाली तर पाचाहून कमी जणांत. म्हणजे सगळा खेळ जन्माच्या आसपासच्या काही तासांत होता. मग त्याच तासांत बाळाला प्रतिपिंडं आणि लस देऊन पाहिली आणि विषाणू बहुसंख्य बाळांपर्यंत पोचायचा थांबला. तैवान सरकारनं जुलै १९८४ मध्ये वाहक मातांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी सगळ्याच नवजात बाळांना. तिथल्या ६ ते १४ वयाच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण आधी दर लाखामागे ०.७० होतं, ते १९९०-९४ पर्यंत ०.३६ वर आलं. लहान मुलांना टोचलेल्या लसीनं एक कर्करोग निम्म्यावर आला.

हे कळलं कुणामुळं? बाळंतपणातून उठत असतानाच ज्यांनी स्वतःचं आणि दिवसा-महिन्याच्या बाळाचं रक्त काढू दिलं, त्या आयांमुळं. पुन्हा पुन्हा बाळाला घेऊन त्या दवाखान्यात आल्या. आज तुमच्या बहिणीच्या बाळासाठी जी दोन इंजेक्शनं आहेत, ती त्यांच्यामुळं आहेत. या बायकांना कुणी दोषी धरलं असतं तर त्यांतली एकही परत आली नसती.

आणि आता तुमच्या घरातली सालं बघा. दादांचा जन्म १९७९चा. बीझलींचा तो निष्कर्ष छापून यायला अजून दोन वर्षं होती आणि बाजारात लस कुठंच नव्हती. तुमचा जन्म १९८४चा. त्या वर्षी लसीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती तैवानात. आपल्याकडे सरकारी लसीकरणात ती २००२च्या सुमारास काही ठिकाणी आली आणि देशभर २०११ साली. म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीच्या वेळीही गावातल्या आईला हे कुणी सांगितलं नसतं. तिनं काय करायला हवं होतं, जे तिनं केलं नाही? मी बराच वेळ विचार केला. मला एकही गोष्ट सापडली नाही.

शिवाय वहिनीचं वाक्य अर्धंच खरं का, तेही सांगते. आपल्याकडे बऱ्याच जणांना ही लागण लहानपणी इतर मार्गांनीही झालेली असते. नीट न उकळता वापरलेली काचेची सिरिंज, एकच सुई दहा जणांना, भावंडांचे खरचटलेले गुडघे, न्हाव्याचा वस्तरा. आईचं रक्त पॉझिटिव्ह आलं तरी तिच्याकडूनच आलं हे त्यावरून सिद्ध होत नाही. निगेटिव्ह आलं तरी उलटं सिद्ध होत नाही, कारण काही जणांच्या रक्तातून तो वयाबरोबर आपोआप दिसेनासा होतो. आणि तिच्यात असला, तर तिलाही तो बहुधा पाळण्यातच मिळाला असेल, तिच्या आईकडून किंवा आणखी कुठून. ज्या प्रश्नाच्या भीतीनं तुम्ही तपासणी टाळू पाहता, त्याचं उत्तर या तपासणीत नाहीच.

तपासणीत आहे ते वेगळंच. आईच्या यकृताची आज काय अवस्था आहे आणि तिला औषध लागेल का, हे त्यातून कळेल. तुमच्या दोन पानांत हा विचार मला कुठं दिसला नाही. आई तिथं फक्त दादांची आई म्हणून आहे. तीही एक पेशंट असू शकते.

शुगरचं सांगून रक्त घेऊ नका. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करत होते तेव्हाची एक बाई आठवते. साठीच्या असतील. मुलगा वॉर्डात होता. घरच्यांनी त्यांचं रक्त असंच दुसरं काहीतरी सांगून घेतलं होतं. रिपोर्टच्या खिडकीवरच्या माणसानं मोठ्यानं नाव पुकारून सगळ्या रांगेसमोर ‘काविळीच्या वॉर्डात दाखवा’ म्हणून सांगितलं. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. हातात ती चिठ्ठी, तिला पदराच्या टोकात गाठ मारायच्या आणि परत सोडायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. मला वाटलं त्या मुलाबद्दल विचारतील. त्या म्हणाल्या, ‘पोरांनी मला का नाही सांगितलं? मी काय परकी आहे का?’ आजाराचं त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. न सांगितल्याचं मात्र त्या पुढे कित्येक महिने बोलत होत्या.

म्हणून खरं सांगा, पण तुमच्यापासून सुरुवात करा. वहिनी किंवा गाव सांगायच्या आत. वेळ अशी निवडा की आईच्या हातात काम असेल, कारण आपल्या बायकांना हात चालू असले की ऐकणं सोपं जातं. असं काहीतरी म्हणता येईल : ‘आई, दादाचं दुखणं काविळीच्या एका जंतूमुळं झालंय. तोच जंतू माझ्याही रक्तात निघालाय. मी बरी आहे, पण आता वर्षातून दोनदा तपासून घेणार. डॉक्टर म्हणाले घरात सगळ्यांचं बघा. तुझंही बघू. असला तर तुला औषध देता येईल.’ ती विचारेलच, ‘माझ्याकडून गेला का गं?’ तेव्हा नाही म्हणू नका. तिला तुमचा चेहरा वाचता येतो. ‘गेला असेल, किंवा सुईतून आला असेल. तुला कुणाकडून आला तेही कुठं माहीत आहे? तेव्हा यावर लसच नव्हती, आई,’ एवढं म्हणा आणि तिथंच बसून राहा. ती रडेल. तिला रडू द्या.

आणखी एक. पत्रात तुम्ही ‘मुलगा गेला’ असं लिहिलं आहे. दादा आहेत. उपचार चालू आहेत. कर्करोगाच्या उपचारांबरोबर विषाणूवरची गोळी चालू आहे का, एवढं त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आता तुमचं स्वतःचं. ‘नुसत्या वाहक आहात, काही करायची गरज नाही’ हे मला मान्य नाही. औषध आजच लागेल असं माझं म्हणणं नाही. ते पोटविकारतज्ज्ञ ठरवतील. पण लक्ष ठेवणं सोडून चालणार नाही. तैवानातल्याच चेन चिएन-जेन या साथरोगतज्ज्ञांच्या गटानं ३,६५३ वाहकांचा अकरा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. (हे चेन पुढे तैवानचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.) २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की सुरुवातीला रक्तात विषाणू जितका जास्त, तितका पुढे कर्करोगाचा धोका जास्त. सर्वांत कमी विषाणू असलेल्यांत शंभरातल्या साधारण एकाला, सर्वांत जास्त असलेल्यांत जवळपास पंधरा जणांना. लिव्हरच्या एन्झाइमचे आकडे नॉर्मल असले तरी हा संबंध टिकून होता. तुमच्या डॉक्टरांनी पाहिले ते एन्झाइमचे आकडे. विषाणूचा आकडा अजून कुणी पाहिलेलाच नाही.

तो मोजून घ्या. सोबत विषाणू किती जोमात वाढतोय ते सांगणारी ई-अँटिजेनची रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि यकृत किती कडक झालंय ते दाखवणारी फायब्रोस्कॅन तपासणी. सख्ख्या भावाला कर्करोग झाला आहे, हे डॉक्टरांना तुम्ही होऊन सांगा, कारण त्यामुळं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचं कारण बळकट होतं. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ‘हिपॅटायटिसचं केंद्र कुठं आहे’ असं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात २.९८ कोटी माणसं हिपॅटायटिस बी घेऊन जगत होती. तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही आणखी कुणी असेल, ज्याला अजून माहीत नाही.

नवऱ्याला सांगायचंच आहे, कारण संबंधातून हे पसरतं. त्यांचं रक्त तपासा, आणि लागण नसेल, संरक्षणही नसेल तर शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असे लसीचे तीन डोस. तोवर निरोध वापरा. मुलांचं लसीकरणाचं कार्ड पूर्ण असलं तरी एकदा रक्त बघून घ्या. ‘हे लग्नाआधी कुठून आलं’ अशी शंका नवऱ्याच्या मनात येऊ शकते, पत्रातून तुमची खरी भीती तीच आहे असं मला वाटलं. तर एकट्यानं सांगू नका. त्यांना घेऊन तज्ज्ञांकडे जा आणि दादांच्या कागदासकट डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. एका घरातल्या भावंडांत हा बहुधा लहानपणीच आलेला असतो, हे वाक्य डॉक्टरांच्या खुर्चीतून आलं की त्याला वजन येतं.

घरात ताट-वाटी वेगळी करू नका. जेवणातून, पाण्यातून, एका अंथरुणावर झोपल्यानं हा पसरत नाही. ब्लेड, टूथब्रश, नखं कापायचं नेलकटर ज्याचं त्याचं असावं. दारू वर्ज्य, हे तुमच्या घरी सांगायला नकोच. पण आपल्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : शेंगदाणे. बुरशी धरलेल्या दाण्यांत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ज्यांच्या रक्तात हा विषाणू आहे त्यांना ते यकृताच्या कर्करोगाच्या दृष्टीनं फार वाईट. काळे पडलेले, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे बायका जिवावर येऊन टाकत नाहीत, कुटात घालतात. ते फेकून द्या. दाणे निवडायला घेऊन आईसमोर बसा, म्हणजे वर म्हटलं ते बोलायलाही निमित्त होईल.

गावाच्या कुजबुजीला तुम्ही उत्तर द्यायला जाऊ नका. दादांची तयारी असेल तर त्यांनाच एकदा पारावर म्हणू द्या, ‘मला काविळीचा जंतू निघाला, तुम्हीही रक्त बघून घ्या.’

बहिणीचं रक्त पॉझिटिव्ह आलं आणि बाळंतपण माहेरी होणार असेल, तर एक काम आईकडे द्या. बाळ झालं की पहिल्या दिवशी दोन्ही मांड्यांत इंजेक्शनं दिली का, हे नर्सला विचारायचं आणि कार्डावर नोंद झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही. तिला वाचता येत नसेल तर कार्डावरची ती जागा आधीच बोटानं दाखवून ठेवा.